न सरलेले दहा सेकंद

५ मे, सोमवार

डॉक्टरांनी बीपीची गोळी बदलली आणि वर सांगितलं, झोप नीट लागत नसेल तर रोज चार ओळी लिहा. मनात घोळतं ते कागदावर उतरलं की डोकं हलकं होतं म्हणे. माझ्या मनात काही घोळत नाही. मी दमले आहे, आणि दमणं काही लिहून उतरत नाही. पण संदेशने लगेच वही आणून टेबलावर ठेवली. नवऱ्याने हौसेने आणलेल्या वस्तूला नाही कसं म्हणायचं, म्हणून बसले.

वय अठ्ठेचाळीस. एका मोठ्या कंपनीत वीसेक वर्षं प्रोग्रॅमिंग केलं. गेल्या दिवाळीनंतर एका व्हिडिओ कॉलवर आमच्या अख्ख्या गटाला एकदम निरोप मिळाला. काही महिने घरी बसले. मार्चपासून ठाण्यात कोलशेतला ऋतुराजच्या कंपनीत जाते. कंपनी म्हणजे एक गाळा आणि आठ माणसं. आम्ही छोट्या केमिकल कारखान्यांसाठी कंट्रोल पॅनल बनवतो. कुठला व्हॉल्व्ह कधी उघडायचा आणि किती वेळ उघडा ठेवायचा, हे ठरवणारी भिंतीवरची लोखंडी पेटी. ऋतुराज माझ्याहून बराच लहान. तो मला ‘अमृतामॅडम’ म्हणतो आणि मी त्याला अरेतुरे करावं हा त्याचाच आग्रह.

झाल्या की चार ओळी. डोकं होतं तेवढंच जड आहे.

६ मे, मंगळवार

आज कोलशेतला जावं लागलं नाही. इथेच डोंबिवलीत, एमआयडीसीतल्या एका कारखान्यात पॅनलला यूपीएस जोडायचा होता. रंगांसाठी लागणारं एक केमिकल बनवतात. आत शिरल्यावर घशात कडू चव येते, ती घरी येऊन चहा प्यायले तरी जात नाही.

त्यांचा शुक्रवार सुट्टीचा. दर शुक्रवारी मेन स्विच पाडतात, पॅनलही बंद होतं. मालकांना आता सुट्टीच्या दिवशीसुद्धा मोबाइलवर सगळे आकडे बघायचे आहेत, म्हणून यूपीएस. दुपारी बाराच्या सुमारास जोडून पॅनल चालू केलं.

तिथल्या ऑपरेटरचं नाव सहदेव. पन्नाशीचा, मूळचा संगमेश्वरकडचा, बोलका. त्याने मला रिअ‍ॅक्टर, म्हणजे केमिकल शिजतं ते मोठं बंद भांडं, दाखवला. आत एक द्रव थोडा थोडा सोडायचा असतो. व्हॉल्व्ह चाळीस सेकंद उघडतो, बंद होतो, मग भांडं थंड होऊ द्यायचं, मग पुन्हा चाळीस सेकंद. एकदम जास्त पडला तर आतलं तापतं आणि उकळून वर येतं.

“आम्हाला शुक्रवार तरी आहे मॅडम,” पॅनलवर थाप मारून तो म्हणाला, “ह्याचा तो पण गेला.”

खूप दिवसांनी हसले. 

१५ मे, गुरुवार

त्याच कारखान्यातून तक्रार. दोनतीन दिवस माल कच्चा येतोय, द्रव कमी पडतोय. मी निघताना ऋतुराज म्हणाला, “मॅडम, फार खोलात जाऊ नका. एकदा बंद करून चालू करा, होतं नीट.” इतकी वर्षं संगणकात घालवली, पण हा उपाय ऐकला की मला अंगारा लावल्यासारखं वाटतं.

गेले तर बॅच चालू. मॅनेजर पॅनल बंद करू देईनात. “मग यूपीएस कशाला घेतला आम्ही?” म्हणाले. मी तारा तपासल्या, व्हॉल्व्ह तपासला, सगळं ठीक. तेवढ्यात मॅनेजरांनी स्वतःच सेटिंगमध्ये चाळीसचे पन्नास सेकंद केले आणि पुढची बॅच अगदी हवी तशी निघाली. ते खूश. मीही परतले. का, ते कोणी विचारलं नाही. मीही नाही. ऊन मी म्हणत होतं आणि मला फक्त घरी जाऊन पडायचं होतं.

संदेश हल्ली माझ्या आधी घरी असतो. ऑफिसात काम कमी असावं. आज त्याने खिचडी टाकून ठेवली होती.

२२ मे, गुरुवार

काही नाही. माणकोली पुलावर स्कूटर बाजूला घेऊन दहा मिनिटं खाडीकडे बघत उभी राहिले. विशेष कारण नव्हतं. पुढे जायचा कंटाळा आला, एवढंच. संदेशला सांगितलं तर तो म्हणाला, उद्यापासून मी सोडतो तुला. म्हटलं, तुझं ऑफिस उलट्या दिशेला आहे. तर म्हणे, असू दे.

२७ मे, मंगळवार

अकराच्या सुमारास ऋतुराजला फोन आला. तो उभा राहिला, बसला, पुन्हा उभा राहिला. डोंबिवलीच्या त्या कारखान्यात सकाळी दहाच्या सुमारास रिअ‍ॅक्टर उकळून वरच्या झाकणातून बाहेर आला. सहदेव भाजला. उजवा हात आणि मान. जीवावरचं नाही, पण हॉस्पिटलात आहे. त्यानेच आणीबाणीचं बटण दाबलं, नाहीतर शेड गेली असती.

ऋतुराज एकच विचारत होता, “आपल्या पॅनलमुळे नाही ना? मॅडम, आपल्यामुळे नाही ना?”

मी म्हटलं, पॅनलच्या लॉगमधल्या नोंदी बघितल्याशिवाय कसं सांगू.

२९ मे, गुरुवार

कारखान्यात गेले. फरशी धुतलेली होती, तरी भिंतीवर पिवळे ओघळ होते. पॅनल त्यांनी त्याच दिवशी बंद करून पुन्हा चालू केलं होतं आणि ते आता शहाण्यासारखं चालतंय. मॅनेजरांनी आधीच्या लॉगची प्रिंट समोर ठेवली. पॅनल चालू झाल्यापासून किती तास, मिनिटं, सेकंद झाले ते प्रत्येक नोंदीपुढे छापलेलं असतं.

“हे बघा. व्हॉल्व्ह उघडला ५८२:३२:३२ ला. बंद झाला ५८२:३२:३२ ला. म्हणजे उघडला न उघडला तोच बंद. तुमच्या मशीनने एक थेंब जास्त सोडलेला नाही. मग इतका माल आत गेला कुठून? बाजूच्या, हाताने फिरवायच्या व्हॉल्व्हमधून. तो कोणाच्या ताब्यात? सहदेवच्या.”

मी विचारलं, सहदेव काय म्हणतो?

“तो म्हणतो, हात लावलाच नाही. आणि म्हणतो, तापमानाचा हूटर वाजला नाही. पण लॉगमध्ये तापमानाची नोंद आहे ना! डुलकी लागली असणार, दुसरं काय.”

मी ऋतुराजला फोन करून सांगितलं की पॅनलचा दोष दिसत नाही. त्याने इतका मोठा श्वास सोडला की मला फोनवर ऐकू आला. खरं सांगायचं तर मलाही सुटल्यासारखं झालं.

२ जून, सोमवार

हॉस्पिटलात सहदेवला बघून आले. का गेले, सांगता येत नाही. घरी जायच्या वाटेवरच होतं.

हात बँडेजमध्ये. शेजारी त्याची बायको लक्ष्मी, पोळीभाजीच्या डब्यांचं काम करते. मी पॅनलवाल्या कंपनीची, हे कळल्यावर तिने खुर्ची दिली पण तोंड फिरवलं.

सहदेव मात्र माझ्याशी नेहमीसारखाच बोलायला गेला आणि मध्येच थांबला. “मॅडम, मी हाताचा व्हॉल्व्ह बंद ठेवलेला. माझ्या डोळ्यांसमोर आहे. पण तुमचं मशीन म्हणतंय तर... मशीन कशाला खोटं बोलेल? त्याला काय पडलंय?”

मॅनेजरांनी त्याच्याकडून लिहून घेतलंय. माझ्या हातून हाताचा व्हॉल्व्ह उघडा राहिला, माफी असावी. डाव्या हाताने सही केली त्याने.

“नाय तर कामावर परत घेणार नाय म्हणाले,” लक्ष्मी भिंतीकडे बघत म्हणाली.

मी विचारलं, त्या वेळी नक्की काय झालं? त्याने सांगितलं. व्हॉल्व्हचा दिवा लागला, तो विझेना. त्याला वाटलं, दिवाच बिघडलाय. तापमानाचा काटा चढायला लागला. हूटर वाजेल म्हणून तो वाट बघत राहिला, हूटर वाजला की काय करायचं ते त्यांना शिकवलेलं आहे. वाजेचना. मग पाइपला हात लावून बघितला, आतून माल चाललेला. तेव्हा धावत जाऊन बटण दाबलं, तोवर झाकण उडालं.

“पाचसात मिनिटं तरी गेली असतील. की मी झोपेत बघितलं सगळं? आता काय सांगू.”

४ जून, बुधवार

दिवसभर दुसऱ्या कामात असूनही लॉगची ती प्रिंट बॅगेत घेऊन फिरतेय. जेवणाच्या सुट्टीत काढून वाचली. तापमान ऐंशीवर गेलं, ५८२:३२:३२. शंभरवर गेलं, ५८२:३२:३२. आणीबाणीचं बटण, ५८२:३२:३२. पातेलंभर दूध उतू जायलासुद्धा वेळ लागतो. एवढं मोठं भांडं एका क्षणात वीस अंश तापलं?

ऋतुराजला दाखवलं. त्याने प्रिंटकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं नाही. “डिस्प्ले अडकला असेल मॅडम. ज्यांच्याकडे यूपीएस आहे त्यांना आपण दर पंधरा दिवसांनी बंद-चालू करायला सांगतो ना. ह्यांना सांगायचं राहून गेलं.”

असं सांगतात हे मला माहीत नव्हतं. छोट्या कंपन्यांत अशा सवयी पडतात, कोणी लिहून ठेवत नाही. ऋतुराज चेहऱ्यावरून आजारी वाटला. त्याने सुट्टी घ्यायला हवी.

७ जून, शनिवार

सापडलं.

सकाळी संदेश भाजी आणायला गेला होता. मी सहज ते तास सेकंदांत मोडले. वीस लाख सत्त्याण्णव हजार एकशे बावन्न. हा आकडा मी ओळखते. माझ्या धंद्यातला कोणीही ओळखेल. एकाचे दोन, दोनाचे चार असं एकवीस वेळा दुप्पट केलं की हाच येतो. अपघाताने नेमका त्याच आकड्यावर थांबायचं काही कारण नाही.

मग पॅनलचा प्रोग्रॅम उघडला. जुना आहे, सगळी पॅनलं त्याच्यावरच चालतात. वेळ ठेवायला एक दशांश आकडा, आणि दर सेकंदाच्या दहाव्या भागाला त्यात शून्य दशांश एक मिळवायचा. बस. कोणालाही बघून बरोबर वाटेल अशी ओळ. तीनदा वाचून मलाही वाटली.

पण यंत्राकडे आकडा लिहायला जागा ठरावीक असते. लहान आकडा असला तर दशांशाला भरपूर जागा उरते. आकडा मोठा होत गेला की शेपटीची जागा कमी होते. मग यंत्र जवळात जवळचं जे बसेल ते घेतं. आधीच त्याच्या भाषेत एक दशांश नेमका लिहिताच येत नाही, जसा आपल्याला एकतृतीयांश लिहिता येत नाही, तीन तीन तीन करत राहावं लागतं. आकडा आणखी मोठा झाला की एकदशांशाऐवजी ते चक्क एकअष्टमांश मिळवायला लागतं. घड्याळ सव्वापट पळतं. आणि त्या आकड्यावर पोचलं की एकदशांश इतका छोटा पडतो की तो मिळवला काय न मिळवला काय, आकडा तोच राहतो. ट्रकच्या वजनकाट्यावर मोहरी टाकावी तसं.

लॅपटॉपवर चालवून बघितलं. आधी किंचित हळू, आठवड्याच्या सुमाराला जोरात, आणि तीन आठवडे भरता भरता थांबलं. जिथे थांबायला हवं होतं तिथेच.

म्हणजे पंधरा तारखेला माल कच्चा येत होता तो याच्यामुळे. यंत्राचे चाळीस सेकंद आपले बत्तीसच होते. मॅनेजरांनी पन्नास केले आणि ते बरोबर चाळीस झाले. आणि सत्तावीस तारखेला व्हॉल्व्ह उघडला तेव्हा घड्याळ उभं होतं. पन्नास सेकंद कधी झालेच नाहीत. तापमान चढल्यावर दहा सेकंद थांबून हूटर वाजवायचा असं लिहिलंय. तेही दहा सेकंद झाले नाहीत. सहदेव त्या दहा सेकंदांची वाट बघत उभा होता.

यूपीएस लावायच्या आधी दर शुक्रवारी सगळं बंद व्हायचं. शनिवारी घड्याळ पुन्हा शून्यापासून. वर्षानुवर्षं त्या शुक्रवारच्या सुट्टीने हा प्रोग्रॅम सांभाळला.

संदेश आला तेव्हा मी रडत होते. त्याला वाटलं नोकरी गेली. म्हटलं, नाही रे, उत्तर मिळालं. त्याने पिशवी खाली ठेवली आणि नुसता शेजारी बसला.

९ जून, सोमवार

ऋतुराजला केबिनमध्ये दाखवलं. त्याने ती ओळ बघितली. “ही माझी आहे,” म्हणाला. “कॉलेजातून बाहेर पडलो तेव्हा लिहिलेली. पहिलं पॅनल.”

मग त्यानेच सांगितलं, दोन वर्षांपूर्वी अंबरनाथला एक पॅनल असंच अडकलं होतं. बंद-चालू केलं, सुटलं. कोणाला काही झालं नव्हतं.

“तेव्हा शोधायला हवं होतं,” मी म्हटलं.

“वेळ नव्हता मॅडम. एकटा होतो.”

मग त्याने त्याची योजना सांगितली. प्रोग्रॅम दुरुस्त करायचा, सगळीकडे मेंटेनन्सच्या नावाखाली जाऊन बदलायचा. बोलायचं नाही. “तीसेक ठिकाणी आपली पॅनलं आहेत. हे बाहेर गेलं तर कंपनी बंद. आठ घरं आहेत. तुमचंही. सहदेवला कामावर परत घेतील असं त्यांनी कबूल केलंय. मग कोणाचं काय बिघडलं?”

मी हो म्हटलं.

इथे खोटं लिहिण्यात अर्थ नाही. हो म्हटलं, आणि बाहेर येऊन डबा खाल्ला. त्याचं म्हणणं चुकीचं वाटलं नाही. पुन्हा मुलाखती द्यायच्या, पुन्हा पोरासोरांसमोर बसून वीस वर्षांत काय केलं ते सांगायचं, त्यापेक्षा हो म्हणणं सोपं होतं.

१२ जून, गुरुवार

दुरुस्ती झाली. सोपी होती. दशांश काढून टाकले, आता यंत्र नुसते ठोके मोजतं, पूर्ण आकड्यात. दोन ठोक्यांमधला फरक घ्यायचा, झालं. अर्ध्या दिवसाचं काम. तपासायला जास्त वेळ गेला.

कामात असताना बरं वाटतं. थांबलं की सहदेवचा सही करणारा डावा हात दिसतो.

१४ जून, शनिवार

सहदेव घरी आल्याचं कळलं म्हणून सागावला गेले. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. शहाळी घेऊन गेले होते, तेवढाच बेत. विचारपूस करायची आणि निघायचं.

त्याची मुलगी प्राप्ती बारावीला आहे. दार तिने उघडलं. सहदेव पलंगावर बसला होता. बारा दिवसांत माणूस कितीतरी बारीक झाला. बोलतच नव्हता. लक्ष्मीच बोलत होती.

“डॉक्टरला विचारलं यांनी. म्हणे, मला विसरायचा आजार झालाय का ते बघा. डॉक्टर हसले. हे नाय हसले.”

“मग काय तर,” सहदेव खाली बघत म्हणाला. “पस्तीस वर्षं काम केलं. मला दिसतंय मी व्हॉल्व्ह बंद ठेवलेला. आता सांगतात उघडा होता. म्हणजे जे दिसतंय ते पण खरं नाय. मग माझ्याकडे राहिलं काय? उद्या हिला रस्ता ओलांडून न्यायचं तर मी काय बघू?”

मी चहाचा कप खाली ठेवला. मी ठरवून बोलले नाही. तोंडातून गेलं, “सहदेव, तुम्ही व्हॉल्व्ह उघडा ठेवला नव्हता.”

लक्ष्मीच्या हातात ताट होतं, ते तसंच राहिलं.

प्राप्तीच्या टेबलावर साधा आठ आकडी कॅल्क्युलेटर होता. तो सहदेवच्या मांडीवर ठेवला. म्हटलं, एक कोटी दाबा. त्याने डाव्या हाताने दाबले, शून्यं मोजत. आता त्यात पॉइंट एक मिळवा. मिळवला. एक कोटीच. पुन्हा मिळवा. एक कोटी. पुन्हा.

“वाढत नाय,” तो म्हणाला.

“जागाच नाही त्याच्याकडे. पॅनलचं घड्याळ तसं झालं होतं. थोडाथोडा वेळ मिळवत होतं आणि पुढे सरकत नव्हतं. म्हणून व्हॉल्व्ह बंद झाला नाही. म्हणून हूटर वाजला नाही. लॉगमध्ये सगळं एकाच वेळी घडलेलं दिसतं, कारण त्याच्या लेखी वेळच गेला नाही. तुम्ही सांगितलंत ते सगळं तसंच्या तसं झालंय. पाचसात मिनिटंसुद्धा.”

त्याने आणखी चारपाच वेळा बटण दाबलं. मग माझ्याकडे बघितलं. मला वाटलं होतं, सुटल्यासारखं हसेल. तो ओरडला.

“मग मला येडा कशाला केलात? हॉस्पिटलात आलेलात ना तुम्ही! तेव्हा का नाय बोललात?”

“तेव्हा मला माहीत नव्हतं.”

“आणि कळलं कधी?”

“गेल्या शनिवारी.”

एक आठवडा. त्याने मोजला असणार. लक्ष्मीने माझ्यापुढचा कप उचलला. मी निघाले. जिन्यापर्यंत प्राप्ती आली आणि म्हणाली, “हे तुम्ही लिहून द्याल का?”

१६ जून, सोमवार

ऋतुराजला सगळं सांगितलं. मी सांगून आले आहे, लिहूनही देणार आहे, कारखाना निरीक्षकांकडेही. तुझ्या आधी त्यांना सांगितलं याची माफी मागते, सांगितल्याची नाही.

त्याने टेबलावरचा कागदाला भोकं पाडायचा पंच उचलला, मला वाटलं फेकतो. ठेवला खाली. “तुम्ही हो म्हणाला होतात.”

“म्हणाले होते.”

“मग घरी जा आज.”

गेले. संदेशला म्हटलं, बहुतेक ही पण गेली. तो म्हणाला, “बरं. कांदेपोहे करू?” या माणसाला कशाचीच काळजी नाही, असा हेवा वाटतो कधी कधी. नंतर बाल्कनीत कपडे वाळत घालायला गेले तर तो खाली गेटपाशी, फोनवर कोणालातरी घराच्या हप्त्याबद्दल विचारत होता. कुणा मित्राचं काम असेल.

१८ जून, बुधवार

दोन दिवस फोन नाही. आज सकाळी ऋतुराजचा आला.

“मॅडम, रिपोर्ट मराठीत लिहू की इंग्रजीत?”

“कोण लिहितंय?”

“मीच. ओळ माझी आहे. तुम्ही फक्त तपासा, मला ते नीट समजावून लिहिता येत नाही. एक कोटीचं उदाहरण देताय ना, ते द्या.”

मी म्हटलं, मराठीत लिही. सहदेवलाही वाचता आला पाहिजे.

दुपारी कोलशेतला गेले. त्याने अंबरनाथचा प्रसंगही लिहिला होता. मी सांगितलं नव्हतं. तीन वेळा खोडून लिहिलेला दिसत होता.

२ जुलै, बुधवार

कारखान्यात बैठक झाली. निरीक्षक, मालक, मॅनेजर, आम्ही दोघं, आणि सहदेव. निरीक्षकांनी जुना प्रोग्रॅम असलेलं पॅनल लावायला सांगितलं, घड्याळ आधीच पुढे नेऊन. बाजूला रिअ‍ॅक्टरऐवजी पाण्याची टाकी. व्हॉल्व्ह उघडला आणि दिवा लागून राहिला. सगळे पाण्याकडे बघत होते. सहदेव दिव्याकडे. निरीक्षकांनी हातातल्या घड्याळात पाच मिनिटं होऊ दिली, मग म्हणाले, पुरे.

माफीनामा फाडला. मॅनेजर म्हणाले, “आम्ही लॉगवर विश्वास ठेवला, आमचं काय चुकलं?” सहदेव म्हणाला, “माझ्यावर पण ठेवायचा होता साहेब. मी तर समोर उभा होतो.” बस, तेवढंच.

कारखान्याने उपचाराचा खर्च आणि सुट्टीचा पगार द्यायचं मान्य केलं. आम्हाला नोटीस येणार आहे. येऊ दे.

२५ जुलै, शुक्रवार

रोज एक ठिकाण. तळोजा, अंबरनाथ, वागळे इस्टेट, पुन्हा अंबरनाथ. प्रत्येक ठिकाणी ऋतुराज आधी चूक सांगतो, मग मी प्रोग्रॅम बदलते. काहीजण चहा देतात, काहीजण गेटवरच उभं करतात. चारजणांनी पॅनल काढून घेऊन जा म्हणून सांगितलं. कंपनी राहील की नाही, माहीत नाही. दोन मुलं सोडून गेली.

परवा बदलापूरला पॅनल उघडलं तर घड्याळ सव्वापट पळत होतं. अजून आठवडाभर गेला असता तर थांबलं असतं. आम्ही दोघं एकमेकांकडे न बघता काम करत राहिलो.

पाय भरून येतात. घरी आल्यावर बूटसुद्धा संदेश काढतो. झोप मात्र लागते.

१० ऑगस्ट, रविवार

लक्ष्मीचा फोन आला होता, जेवायला या. मला वाटलं नव्हतं ती कधी बोलावेल. संदेशही आला असता, पण त्याला बरं नव्हतं, म्हणून एकटीच गेले.

सहदेव परत कामावर जात नाहीये. त्यांनी बोलावलं होतं. हात बरा आहे, बोटं थोडी आखडतात. एका सोसायटीत पाण्याचे पंप बघायचं काम धरलंय. प्राप्तीला कॉम्प्युटरला जायचंय. मला म्हणाली, असल्या चुका शोधायचंच काम असतं का? म्हटलं, बहुतेक वेळा त्या करायचंच असतं.

बांगड्याचं तिखलं, भात. जेवताना सहदेव मध्येच उठून आत गेला, परत आला. थोड्या वेळाने पुन्हा गेला. लक्ष्मीने हळू आवाजात सांगितलं, “गॅस बघायला जातात. दिवसातनं किती वेळा. बाहेर निघालो की रिक्षा परत फिरवतात. निरीक्षकांचा कागद आला, सगळं झालं, तरी.”

प्रोग्रॅममधली ओळ बदलायला मला अर्धा दिवस लागला होता.

निघाले तेव्हा लक्ष्मी आणि प्राप्ती शेजारच्या बारशाला जायला आधीच बाहेर पडल्या होत्या. सहदेव म्हणाला, चला, मी खालपर्यंत येतो. शेवटी त्यानेच दाराला कुलूप लावलं, ओढून बघितलं. आम्ही जिना उतरायला लागलो. पहिल्या मजल्यावर तो थांबला. हात कठड्यावर. मान वर, दाराच्या दिशेने.

मी वर जाऊन बघून येते, असं अगदी ओठांवर आलं होतं.

खालून कोणाच्यातरी घरातला टीव्ही ऐकू येत होता. तो तसाच उभा होता. मग त्याने कठड्यावरचा हात काढला.

“बंद केलाय मी,” तो म्हणाला, आणि माझ्या पुढे उतरायला लागला.